सत्तर वर्षं उभं असलेलं घर कच्चं कसं?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात मागच्या आठवड्यात कोकणातल्या घरकुलांची बातमी होती, त्यात एक वाक्य होतं की गावागावातली उरलेली कच्ची घरं आता लवकरच पक्की होणार. ज्याच्या डोक्यावर खरंच छप्पर नाही त्याला घर मिळालंच पाहिजे, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण तो 'कच्ची' शब्द वाचला आणि राहवेना, कारण त्या यादीत माझ्या माहेरचं घर पण आहे. म्हणून हे पत्र. लांबेल थोडं, छापताना कापलंत तरी चालेल, फक्त मधला फॉर्मचा मुद्दा तेवढा कापू नका.

माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात, डोंगराच्या उतारावरची कुणब्यांची वाडी, पस्तीसेक घरं. वर कातळाचा सडा, खाली वहाळ म्हणजे ओढा आणि भाताची खाचरं, मधल्या उतारावर घरं. त्यातली गणपती आणि शिमगा सोडून बारा महिने उघडी असतात ती निम्मी पण नाहीत, बाकी सगळे नालासोपारा, विरार, दिवा. मी पण लग्न होऊन ३१ वर्षं नालासोपाऱ्यात आहे. पण मी ज्या घरात वाढले त्या घराची भुई मी स्वतः सारवलेली आहे, त्यामुळे हे सगळं फोटो बघून लिहित नाहीये.

ते घर आजोबांनी १९५२ च्या आसपास बांधलं असं वडील सांगायचे. त्याआधी त्याच जागेवर गवतानं शाकारलेलं लहान घर होतं, त्याचे दोन खांब आणि आढं याच घरात घेतलं, म्हणजे ते लाकूड त्याहून जुनं. खांब किंजळीचे, तुळया ऐनाच्या, दरवाजा फणसाचा. जोत्याला खालच्या वहाळातला काळा दगड, त्यावर खिडकीच्या उंचीपर्यंत सड्यावरचा जांभा, आणि त्याच्या वर माती. आतल्या भिंती कारवीच्या कुडाच्या, म्हणजे कारवीच्या काठ्या विणून केलेल्या, दोन्ही बाजूंनी माती लिंपलेल्या. देवाच्या भिंतीला तेवढा चुना, तो बाणकोटच्या खाडीकडनं यायचा, शिंपल्या भाजून केलेला. म्हणजे सगळं घर मिळून दहाबारा मैलांच्या आतलं. विकत आणलेलं काय तर खिळे, कड्या आणि नंतर मंगलोरी कौलं.

मंगलोरी कौलांचं मुद्दाम सांगते, कारण जुन्या घराबद्दल बोललं की लोकांना वाटतं आम्ही काळ थांबवायला निघालोय. मंगलोरी कौल काही आमच्या पणजोबांचं नव्हे. मंगळूरला बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली पहिला कारखाना काढला, तिथून ते कौल किनाऱ्यानं वर आलं, आणि आमच्या वाडीपर्यंत पोचायला अजून किती वर्षं लागली असतील देव जाणे. त्याआधी कुंभारानं चाकावर केलेली नळीची कौलं, आणि त्याच्या आधी गवत. म्हणजे आमचे लोक बदलत होतेच. नवीन चांगलं काही आलं तर घ्यायचे, पण घराचा उतार, पडवी, जोतं, वारा कुठून येतो, पाणी कुठून जातं, ते मोडून नाही घ्यायचे. आमच्या घराच्या पुढच्या पाख्याला, म्हणजे छपराच्या पुढच्या उताराला, मंगलोरी आहेत आणि मागच्या पाख्याला अजून नळी आहे, आजोबांकडे तेवढेच पैसे होते म्हणून. हे मागच्या पाख्याचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता उताराचं. आमच्या वाडीत एकही घर उताराच्या तोंडाला उभं नाही, सगळी आडवी, डोंगराच्या अंगालगत. मागे थोडंसं खोदायचं, ती माती पुढे टाकायची, पुढे दगडाचा गडगा घालून ती अडवायची आणि त्या पट्टीवर घर. पुढून जोतं छातीएवढं आणि मागून बघाल तर घर जमिनीतनं उगवल्यासारखं. मागच्या भिंतीच्या वर दोन हातांवर चर असते, डोंगरातनं उतरणारं पाणी त्या चरीतनं घराला वळसा घालून पाणंदीत जातं. मृगाच्या आधी ती चर साफ करायचीच, ते राहिलं तर आजी जेवायला वाढायची नाही असं वडील म्हणायचे. आणि गडगा म्हणजे नुसता दगडावर दगड, मधे माती नाही, सिमेंट नाही. लहानपणी मला वाटायचं पैसे नसतील म्हणून तसाच ठेवलाय. तसं नाही ते. भरपावसात त्या फटींतनं पाणी झिरपत असतं, मागच्या मातीत पाणी तुंबून गडग्याला रेटा बसत नाही. आमच्या जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत, अशा ठिकाणी पाण्याला वाट देणं हे घर बांधण्यातलं अर्ध काम आहे.

एका रांगेचं छप्पर वरच्या रांगेच्या खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, पातळीला येतं, त्यामुळे कोणाच्या अंगणातनं बघितलं तरी खाली भातखाचरं दिसतात, कोणी कोणाचा वारा अडवलेला नाही. मधून पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट. पाखाडीच्या पायऱ्या पण डोक्यावर भारा घेतलेल्या बाईच्या पावलाच्या मापानं घातलेल्या आहेत, उंच नाहीत, रुंद आहेत. हे कुठल्या आर्किटेक्टनं नाही सांगितलं.

घराच्या आतलं सांगायला बसले तर हा पेपर पुरायचा नाही. पडवी तीन बाजूंनी, पाखं इतकं खाली उतरलेलं की आत येताना मोठ्या माणसाला वाकावं लागतं. लोक म्हणतात जुनी घरं बुटकी असतात. बुटकी कशाला, आत मधोमध उभं राहून वर बघा, आढं पंधरा फुटांवर असेल. फक्त कड खाली, कारण पाऊस आमच्याकडे सरळ पडत नाही, आडवा येतो, आणि मातीच्या भिंतीला पाऊस लागता कामा नये. पडवी म्हणजे भिंतीची छत्री. एवढं करून वाऱ्याच्या बाजूला पावसाळ्यात झापं बांधायचो. पागोळ्या पडायच्या त्या जागेला दगड लावलेले असायचे म्हणजे चिखल उडून भिंतीला लागणार नाही. पुढे ओटी, मग माजघर, मग चुलीची खोली, वर माळा, त्या माळ्यावर भात, कांदे, आंब्याची पिकत घातलेली अढी, आणि एका कडेला गोठा, त्याचं दार आतनं पण, रात्री गाय व्याली तर पावसात बाहेर जायला नको म्हणून.

माजघरात एकच काचेचं कौल होतं. त्यातनं उन्हाची चौकट खाली पडायची आणि दिवसभर सरकत जायची, आजी त्या चौकटीवर वेळ सांगायची, ती उखळापाशी आली की शाळा सुटली म्हणून समजायची आणि भाकरी टाकायला घ्यायची. मेच्या महिन्यात नालासोपाऱ्यात पंख्याखाली जीव जातो तेव्हा मला त्या माजघरातली भुई आठवते, दुपारी उघड्या पाठीनं झोपलो की गार लागायची. भिंत जाड, कौलाच्या फटीतनं गरम हवा वर निघून जाते, भुई मातीची. त्याला काही शास्त्र लागतंच असं नाही पण शास्त्र आहेच ते.

आता फॉर्मचा मुद्दा.

एक मुलगा सर्व्हेला आला होता, मी तेव्हा गौरीला म्हणून गेले होते. चांगला मुलगा होता, पाणी प्यायला, मोबाईलवर घराचे फोटो काढले आणि भावाला विचारलं भिंत कसली, छप्पर कसलं. भाऊ म्हणाला माती आणि कौल. मुलानं मागे जाऊन बघितलं, नळीची कौलं दिसली, आणि 'कच्चं' वर बोट ठेवलं. मी म्हटलं अरे बाळा, हे घर तुझ्या वडिलांच्या आधीचं आहे. तो म्हणाला मावशी, मला ऑप्शन दोनच आहेत. त्या मुलाची काही चूक नाही, म्हणून मी नंतर शोधत बसले की हे ऑप्शन आले कुठनं.

२०११ ची जी सामाजिक, आर्थिक आणि जात गणना झाली, जिच्यावरनं प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलांच्या पहिल्या याद्या निघाल्या, तिच्यात भिंती आणि छपराच्या सामानाची वाटणी आहे. मातीची भिंत, कुडाची भिंत, लाकडाची भिंत, मधे चुना-सिमेंट न घालता रचलेला दगड, हे सगळं कच्चं. भाजलेली वीट, काँक्रीट हे पक्कं, ते ठीक, पण पत्र्याची भिंत पण पक्की. छपरात मशीनवर केलेलं कौल पक्कं आणि हातानं केलेलं कौल कच्चं, आणि पत्रा, अगदी ॲस्बेस्टॉसचा पत्रा सुद्धा, पक्का. म्हणजे आमच्या घराचं पुढचं पाखं पक्कं आणि मागचं पाखं कच्चं, आणि उद्या मी चार पत्रे उभे करून त्यावर पाचवा टाकला तर ते घर आजोबांच्या घरापेक्षा पक्कं ठरेल.

आणि दुसरीकडे बघा. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणच्या स्वतःच्या मार्गदर्शक सूचनांत पक्क्या घराचा अर्थ दिलाय, तो असा की नेहमीच्या वापरानं होणारी झीज आणि ऊन-वारा-पाऊस सोसून, साधारण देखभाल केली तर निदान ३० वर्षं जे टिकेल ते पक्कं. मी ते दोनदा वाचलं. निदान ३० वर्षं, साधारण देखभाल केली तर. आमचं घर सत्तरच्या वर वर्षं उभं आहे, दरवर्षी शाकारणी म्हणजे छपराची कौलं नीट करणं, दरवर्षी सारवण, एवढ्या देखभालीवर, तीन पिढ्यांची बाळंतपणं आणि लग्नं त्यात झाली. मग सरकारच्याच व्याख्येनं ते दोनदा पक्कं झालं की नाही? व्याख्या बरोबर आहे साहेब, यादीतले रकाने चुकीचे आहेत. सामानावरनं ठरवलं, बांधणीवरनं नाही. वर्ध्याला सेवाग्रामला बापू कुटी आहे, माती, लाकूड, बांबू आणि कौलं, १९३० च्या दशकातली, आपण शाळेच्या सहलीतून मुलांना ती दाखवायला नेतो, तिला कोणी कच्चं म्हणत नाही.

तुम्ही म्हणाल नावात काय आहे. आहे ना. त्या शब्दावर पैसे ठरतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, मंडणगड-दापोलीत झाडं झोपली, वीज कित्येक दिवस नव्हती. तेव्हा अंशतः पडलेल्या घरासाठी केंद्राचा जो दर होता तो पक्क्या घराला ५,२०० आणि कच्च्या घराला ३,२०० असा होता. राज्यानं त्यात भर घातली हे खरं आहे आणि त्याबद्दल आभार. पण नियमातच धरून चाललेलं आहे की मातीचं घर म्हणजे स्वस्तात दुरुस्त होणारं, उलट कौल आणि लाकूड हल्ली सगळ्यात महाग पडतं आणि ते काम जाणणारा माणूस तर पैसे देऊन मिळत नाही.

आमच्या पुढच्या पाख्याची कौलं त्या वादळात उडाली. उडाली, मी नाही म्हणत नाही, वादळ तसंच होतं, पत्रे तर वहाळापलीकडे जाऊन पडले होते. पण वासे हलले नाहीत, भिंत हलली नाही. भाऊ कौलांसाठी महाडपर्यंत फिरला, कुठे मिळेनात, पाऊस तोंडावर, मग त्यानं अर्ध्या पाख्यावर पत्रे टाकले, दुसरं करणार काय. तेव्हापासून माजघर दुपारी तापतं, रात्री पाऊस आला की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. आणि आता वाडीत जवळजवळ सगळ्यांचंच तसं झालंय.

आणि कच्चं म्हटलं की माणसाला लाज वाटायला लागते, ते तर पैशापेक्षा वाईट. आमच्या वाडीत मुलगी द्यायला आलेले लोक आधी विचारतात घर स्लॅबचं आहे का. ज्या घरात आपण वाढलो ते गरिबीची खूण आहे असं पोरांना वाटायला लागलं तर ती पोरं ते घर कशाला सांभाळतील.

मग काय होतं तेही लिहिते. माझ्या चुलतभावानं दोन वर्षांपूर्वी घर पाडलं. योजनेचे १ लाख २० हजार, शौचालयाचे १२ हजार, रोजगार हमीचे ९० दिवस, बाकी कर्ज. जुन्या लाकडाला गिऱ्हाईक लगेच आलं, टेम्पो घेऊन फिरतात ते लोक, सहा खांब आणि कोरीव दरवाजा मिळून जे दिलं त्यात स्लॅबच्या सळया पण आल्या नाहीत. तेच खांब पुढे कुठल्या तरी रिसॉर्टच्या रिसेप्शनला लागतात, दापोलीकडे मी स्वतः बघितलेत, शहरातली माणसं तिथे पैसे देऊन झोपतात आणि फोटो टाकतात की काय शांत वाटतं. मला त्या माणसांचा राग नाही. पण ज्यांचं ते होतं त्यांना सांगितलं गेलं की हे टाकाऊ आहे, ह्याचा राग आहे.

स्लॅबच्या घराला सपाट आणि चौकोनी जागा लागते, म्हणून जेसीबी आणला. आमच्या आजोबांनी कंबरभर खोदलं होतं तिथे मागे चांगला बारा-तेरा फूट सरळ उभा कडा कापला, निघालेली माती पुढे उतारावर तशीच लोटून दिली, चर गेली, गडगा गेला. पहिल्याच पावसाळ्यात तो कडा मागच्या भिंतीपर्यंत घसरला. सुदैवानं दिवसा आणि सुदैवानं त्याची बायको पाण्याला गेली होती. नंतर काँक्रीटची भिंत घातली, तिला पाणी जायला भोकंच ठेवली नाहीत, ती आता मधे पोट आल्यासारखी फुगलीय. खालच्या रांगेतल्या दोन घरांत आता पाणी शिरतं, पूर्वी कधी शिरत नव्हतं.

इथे मी खोटं बोलणार नाही. डोंगरच आला तर कुठलंच घर वाचत नाही. माळीण २०१४, तळीये २०२१, इर्शाळवाडी २०२३, ह्या तिन्ही ठिकाणी माणसं गेली, आणि तळीये तर आमच्यापासून सावित्रीच्या पलीकडे, महाड तालुक्यात, त्या रात्री आमच्या वाडीत पण कोणी झोपलं नव्हतं. मातीच्या घरात असल्यामुळे आपण सुरक्षित आहोत असं मी कोणाला सांगणार नाही. पण उताराचा पायथा कापला की वरची माती सुटते, एवढं तर आमच्या अडाणी आजीला कळत होतं, म्हणून ती चरीवरनं एवढं ओरडायची. घरकुलाचा हप्ता सोडताना जोत्याचा फोटो मागतात, तेव्हा घरामागे किती फूट डोंगर कापला ह्याचा पण फोटो मागा की. निदान डोंगराळ वाडीत तरी.

आता माझ्या वहिनीचं म्हणणं पण लिहायला हवं, नाहीतर हे पत्र अर्धवट राहील. मी घर पाडू नका म्हटल्यावर ती म्हणाली, ताई, तुम्ही लादीवर राहता आणि आम्हाला शेण सारवायला सांगता. ती बरोबर बोलली. आठवड्याला सारवण, पावसाळ्यात भुईला ओल, चुलीच्या धुरानं माझ्या आईचे डोळे गेले, उंदीर, वाळवी, न्हाणीघर बाहेर, हे सगळं बायकांच्या अंगावर पडलं, आणि घराचं कौतुक करणारे बहुतेक पुरुष असतात. मी स्वतः सारवलंय, गुडघे कसे होतात मला माहीत आहे. म्हणून मी म्हणत नाही की आहे तसं ठेवा. चुलीच्या खोलीत लादी घाला, ओटा करा, न्हाणीघर-संडास आतून जोडा, गॅस घ्या, ओटीला पण कोबा करायचा तर करा. आजोबांनी गवत काढून कौल घातलं तेव्हा आजीनं काय गवतासाठी रडत बसायचं होतं का. फक्त ते करताना काय केलं की घराला त्रास होतो ते सांगणारं कोणी पाहिजे. उदाहरण द्यायचं तर आमच्याकडे चूल बंद झाली आणि चार वर्षांत वाशांना भुंगा लागला, कारण इतकी वर्षं धूर वर जाऊन लाकूड राखत होता हे कोणाच्या ध्यानातच नाही आलं, चूल बंद करताना वाशांना काहीतरी लावायला हवं होतं. किंवा मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला की भिंत श्वास घेत नाही, जोत्यातनं वर चढलेली ओल आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटून येतो, मातीपण घेऊन येतो. लोक म्हणतात बघा मातीची भिंत पडली.

हे सांगणारी माणसं होती, आता संपत आलीत. आमच्या वाडीत शाकारणी करणारे दोनच उरले, दोघंही सत्तरीच्या पुढे, मुलं त्यांना छपरावर चढू देत नाहीत. नळीचं कौल करणारा कुंभार मी लहान असताना बघितला तो शेवटचा. जांभा तासणारे तेवढे आहेत, कारण चिऱ्याला बंगल्यांसाठी मागणी आहे, पण चिरा खाणीतनं निघतो तेव्हा ओला आणि मऊ असतो, त्याला हवेवर ठेवून कडक होऊ द्यायचा असतो, तेवढं थांबायला आता कोणी तयार नाही, आज काढला आणि उद्या भिंतीत. कारवी तर डोंगरावर आहेच, सात वर्षांनी फुलते तेव्हा फोटो काढायला गाड्या येतात, पण तिचा कूड विणायला आमच्या पिढीत कोणाला येतो? मला येत नाही. वडिलांना येत होता.

केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानं प्रत्येक भागातल्या पद्धतीप्रमाणे घरांचे नमुने असलेला 'पहल' नावाचा संग्रह काढलेला आहे, स्थानिक सामान वापरा असं त्याच योजनेत लिहिलेलं आहे. मग ते आमच्या वाडीपर्यंत का नाही पोचत? मी विचारलं तेव्हा ते कोणी बघितलेलंच नव्हतं. गावात येतो तो एकच नकाशा, २५ चौरस मीटरचा डबा, तोच लातूरला आणि तोच मंडणगडला. आमच्याकडे त्यावर दुसऱ्याच वर्षी पत्र्याची शेड चढते कारण स्लॅब गळायला लागतो, म्हणजे शेवटी उतरतं छप्पर करावंच लागतं.

आणि एक गोष्ट जी कुठल्याच फॉर्ममध्ये बसत नाही. शिमग्याला देवीची पालखी घराघरात येते, ती खळ्यात नाचवतात आणि ओटीवर बसवतात. गौरीला रात्री जाखडीवाले येतात, दहाबारा जण पायात चाळ बांधून गोल नाचतात, बायका पडवीत बसतात, पोरं माळ्याच्या जिन्यावर. चुलतभावाच्या नव्या घरात दहा बाय बाराचा हॉल आहे आणि खळ्याच्या जागी रॅम्प. मागच्या शिमग्याला पालखी दारात जरा टेकवली आणि पुढे नेली. काकी दाराला धरून उभी होती, काही बोलली नाही, नंतर आमच्या खळ्यात येऊन बसली.

माझं मागणं मोठं नाही. यादीत 'कच्चं' आणि 'पक्कं' ह्यांच्या मधे तिसरा रकाना करा, दुरुस्त करून राहण्याजोगं. ज्याला नवीन घर पाहिजे त्याला द्या, पण ज्याचं जुनं चांगलं उभं आहे त्याला तेच पैसे किंवा त्यातले अर्धे का होईना, कौल, वासे, न्हाणीघर आणि भुई ह्यासाठी मिळू देत. आत्ता ते पाडल्याशिवाय मिळत नाहीत म्हणून लोक पाडतात, हे मी माझ्या वाडीत डोळ्यांनी बघितलंय. रोजगार हमीच्या दिवसांत चर काढणं आणि गडगे घालणं धरा. आणि तालुक्याच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन शिकवतात तसं कौलारू छपराचं काम शिकवा, ते दोन म्हातारे आहेत तोवर, त्यांना मानधन द्या, ते छपरावर नाही चढले तरी खाली खुर्चीत बसून सांगतील. मुंबईत सिक्युरिटीची नोकरी करणारी आमची पोरं मे महिना शाकारणीला गावी आली तर त्यात दोन पैसे पण मिळतील.

तुमचे वार्ताहर तालुक्यात आहेतच, त्यांना विनंती आहे की पुढच्या वेळी घरकुलाची बातमी करताना पाडलेल्या घरात काय होतं ते पण एकदा जाऊन बघा, आमच्या वाडीत या, मी गणपतीत आठ दिवस तिथेच आहे.

भावाचं नाव यादीत आलंय. जेसीबीवाल्याला दिवाळीनंतरची वेळ दिलेली होती, मी भावाला म्हटलं एक पावसाळा थांब, मागच्या पाख्याच्या वाशांचे पैसे मी देते. तो हो पण म्हणाला नाही आणि नाही पण म्हणाला नाही. वहिनीला मी न्हाणीघर आत घेऊन देण्याचं कबूल केलंय, त्यासाठी सोसायटीच्या भिशीचा माझा नंबर मार्चमध्ये लागतोय.

आपली,
एक माहेरवाशीण,
नालासोपारा (पूर्व), मूळ गाव तालुका मंडणगड